पात्रता सहा महिन्यांनी रद्द झाली, तर जिंकलेल्या सामन्याचे काय?

कोथरूडचा पालक (प्रश्न)

माझा मुलगा पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यात खेळतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा संघ एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अजिंक्य ठरला. मार्चमध्ये महाविद्यालयाला पत्र आले की, संघातील एक खेळाडू स्पर्धेच्या वेळी पात्र नव्हता, त्यामुळे विजेतेपद रद्द करण्यात येत असून बाराही खेळाडूंनी आपली मूळ प्रमाणपत्रे आठ दिवसांत जमा करावीत.

त्या खेळाडूचे प्रथम वर्षाचे दोन विषय पुनर्मूल्यांकनाला गेलेले होते. निकाल यायचा असल्याने त्याला द्वितीय वर्षात तात्पुरता प्रवेश मिळाला, कार्यालयाने बोनाफाईड दिले, प्राचार्यांनी पात्रता अर्जावर सही-शिक्का केला आणि आयोजकांच्या छाननीतही तो अर्ज मान्य झाला. डिसेंबरमध्ये पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागला, गुण वाढले नाहीत आणि त्याचे वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया जाणे) झाले. म्हणजे ऑक्टोबरमध्ये तो द्वितीय वर्षाचा विद्यार्थी नव्हताच, असे डिसेंबरमध्ये ठरले. संपूर्ण स्पर्धेत त्याने उपांत्य फेरीत दोन चढाया केल्या. त्यांत गुण मिळाला नाही. अंतिम सामन्यात तो राखीव होता.

मुलाने ते प्रमाणपत्र अप्पा बळवंत चौकातून लॅमिनेट करून आणले होते. जमा करायचे म्हणून तो रात्री कटरने प्लास्टिकची कड कापत बसला होता, ते मला पाहवले नाही. अभ्यासाची अट असावी, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र सामन्याच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसलेल्या, किंबहुना तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या निकालाच्या आधारे उरलेल्या अकरा जणांचे खेळणे पुसून टाकणे न्याय्य आहे का?

निवृत्त क्रीडा संचालक

महोदय, मी बरीच वर्षे महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होतो आणि असे अर्ज प्राचार्यांकडे जाण्यापूर्वी माझ्या हाताखालून जात. ‘निकाल प्रलंबित’ असा शेरा असलेला खेळाडू संघात घ्यायचा की नाही, हा निर्णय संघव्यवस्थापनाचा असतो आणि त्यातली जोखीम आम्हाला चांगली माहीत असते. मीही एकदा असा मुलगा खेळवला आहे. त्याचा निकाल अनुकूल लागला म्हणून निभावले, एवढेच. त्या बारा मुलांना मी विचारले नव्हते, याची खंत आजही वाटते. तुमच्या प्रकरणात पहिला जाब महाविद्यालयाला विचारायला हवा.

हा वाद अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात फार जुना आहे. तेथील नियामक संस्था एनसीएए हिने मेम्फिस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे २००७-०८ च्या हंगामातील सर्व ३८ विजय २००९ मध्ये रद्द केले. एका प्रमुख खेळाडूचे प्रवेशपरीक्षेचे गुण परीक्षा घेणाऱ्या संस्थेने हंगाम संपल्यानंतर अवैध ठरवले, हे त्याचे कारण. हंगामापूर्वी त्याच खेळाडूला एनसीएएच्याच पात्रता कक्षाने खेळण्यास मान्यता दिली होती. तरीही ‘अपात्र खेळाडू खेळला, म्हणून विजय अवैध, कोणाला काय माहीत होते हा मुद्दा गौण’ ही भूमिका कायम राहिली.

त्याहून बोचणारे प्रकरण नोत्र दाम विद्यापीठाचे आहे. तेथे एका सहायक विद्यार्थिनीने काही अमेरिकन फुटबॉलपटूंना अभ्यासात गैरमार्गाने मदत केली. विद्यापीठाने स्वतः चौकशी केली आणि स्वतःच्या नियमांनुसार त्या खेळाडूंचे जुने गुण पुन्हा मोजून कमी केले. गुण कमी झाल्यामुळे खेळाडू मागच्या तारखेने अपात्र ठरले आणि २०१२ व २०१३ या दोन हंगामांतील २१ विजय गेले. गुणांना हात न लावता त्यांना नुसते काढून टाकले असते तर ही शिक्षा ओढवली नसती, असा विद्यापीठाच्या अध्यक्षांचा आक्षेप होता. २०१८ मध्ये अपील फेटाळले गेले. याउलट नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात वर्षानुवर्षे नावापुरते अभ्यासक्रम चालले, त्यांचा लाभ अनेक खेळाडूंनी घेतला; पण ते अभ्यासक्रम इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, या कारणाने २०१७ मध्ये एनसीएएला त्यांवर कारवाई करता आली नाही. ज्याने घर झाडले त्यालाच दंड, अशी व्यवस्था झाली तर पुढचा माणूस झाडू हातात कशाला घेईल?

वकील, शिवाजीनगर

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याची एक महत्त्वाची बाजू आहे. श्रीकृष्ण विरुद्ध कुरुक्षेत्र विद्यापीठ या प्रकरणात कायद्याच्या एका विद्यार्थ्याची हजेरी कमी भरली होती, तरी त्याला परीक्षेला बसू दिले गेले आणि नंतर ते कारण पुढे करून उमेदवारी रद्द करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ही कारवाई रद्द ठरवली. अर्ज तपासण्याचे काम विद्यापीठाचे व विभागप्रमुखांचे होते. विद्यार्थ्याने फसवणूक केलेली नसताना, परीक्षेला बसू दिल्यानंतर तो अधिकार संपतो, असा त्या निकालाचा आशय आहे. १९९० च्या सनातन गौडा विरुद्ध बरहामपूर विद्यापीठ या निकालातही, गुणपत्रक पाहून प्रवेश दिल्यावर वर्षे उलटून गेल्यानंतर अपात्रतेचा मुद्दा काढता येणार नाही, असेच ठरले.

तेव्हा तुमच्या अर्जात दोन गोष्टी ठळकपणे मांडा: पुनर्मूल्यांकन प्रलंबित असल्याचे कागदपत्रांत नमूद होते, म्हणजे काहीही लपवलेले नव्हते; आणि प्रमाणपत्रे परत मागण्यापूर्वी अकरापैकी एकाही खेळाडूचे म्हणणे ऐकून घेतलेले नाही. दुसरा मुद्दा मला अधिक भक्कम वाटतो.

खो-खोची मुलगी

वकीलसाहेबांनी दिलेले निकाल मी आदराने वाचले, पण खेळाला ते पूर्णपणे लागू होतात असे मला वाटत नाही. एक विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण झाला म्हणून दुसरा अनुत्तीर्ण होत नाही. मैदानात मात्र समोर दुसरा संघ उभा असतो, आणि या चर्चेत त्याचा उल्लेख अजून कोणीही केलेला नाही.

आम्ही महाविद्यालयात असताना अंतिम सामना एका गुणाने हरलो होतो. सात महिन्यांनी समोरच्या संघातील एक खेळाडू अपात्र ठरली आणि आम्हाला विजेते घोषित करण्यात आले. चषक शिपायाने कपाटातून काढून टेबलावर ठेवला. तळाची नावाची पट्टी खरवडून काढल्याच्या खुणा त्यावर स्पष्ट दिसत होत्या. तोपर्यंत पुढच्या फेरीसाठी संघनिवड होऊन गेली होती, पश्चिम विभागीय स्पर्धाही संपली होती आणि आमच्यापैकी चौघींचे ते शेवटचे वर्ष होते. आम्हाला जे मिळायला हवे होते, ते त्या चषकात नव्हते.

म्हणून पालकांना माझे नम्र सांगणे आहे की, विजेतेपद जाणे ही तुमच्या मुलाला दिलेली शिक्षा मानू नका. मेम्फिसचे विजय पुसले गेले, पण त्यांच्याविरुद्ध हरलेल्या संघांच्या पदरी तेथे काहीच पडले नाही. आपल्याकडे निदान उपविजेत्यांचा विचार होतो. आज खेळवून घ्यावे आणि निकाल विरुद्ध गेला तरी चषक आपलाच राहावा अशी मुभा मिळाली, तर प्रलंबित निकालाचा खेळाडू प्रत्येक संघात दिसेल. मात्र तुमच्या मुलाचा सहभाग खोटा नव्हता. ते प्रमाणपत्र काढून घेण्याचे कारण मला दिसत नाही.

खरा उपाय सामन्याआधीचा आहे. बारा खेळाडूंची यादी, वर्ग आणि मागील निकालासह, पहिल्या सामन्यापूर्वी सर्व संघांना दाखवावी, हरकतीसाठी दोन दिवस द्यावेत, आणि ज्याचा निकाल प्रलंबित आहे त्याला त्या स्पर्धेत घेऊच नये.

निवृत्त क्रीडा संचालक

ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, आणि उपविजेत्या संघाचा विचार मी करायला हवा होता. केवळ शेवटच्या सूचनेबाबत शंका आहे: पुनर्मूल्यांकनाचे निकाल अनेकदा पूर्ण सत्र उलटेपर्यंत येत नाहीत, त्यामुळे ज्याचे गुण खरोखर वाढणार आहेत असा मुलगाही वर्षभर बाहेर बसेल. खेळाडूंचे निकाल आधी लावण्याची सोय झाल्याशिवाय ती अट कडक होईल.

कोथरूडचा पालक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल मुलाला हे सारे वाचून दाखवले. खो-खोच्या ताईंचा मजकूर त्याने दोनदा वाचला आणि मग विचारले, “बाबा, त्या संघाची मुलं विभागीयला जाऊ शकली असती ना?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

अर्जाचा मसुदा आम्ही बदलला आहे. विजेतेपद परत मिळावे ही मागणी काढून टाकली. अकरा जणांना सहभागाचे प्रमाणपत्र द्यावे, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि प्रलंबित निकालाचा खेळाडू खेळवण्याचा निर्णय कोणी घेतला याची नोंद महाविद्यालयाने लेखी द्यावी, अशा तीन मागण्या ठेवल्या आहेत. त्यावर त्या मुलासह बाराही जण सही करणार आहेत. तो सही करायला कचरत होता. संघनायक त्याला आणायला आज त्याच्या वसतिगृहावर गेला आहे.