क्यूआर कोडमध्ये मराठी मजकूर किती मावतो? गणपतीच्या पत्रिकेसाठी हवंय

घणसोलीकर:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीच्या गणपतीची पत्रिका यंदा माझ्याकडे आलीये. आरतीच्या वेळा, महाप्रसाद, स्पर्धा, विसर्जनाचा रस्ता असं पानभर मराठी आहे आणि समिती म्हणते कागदावर फक्त बाप्पाचा फोटो आणि क्यूआर कोड छापा, बाकी सगळं कोडमध्येच टाका. कोडला जागा ३ सेंटिमीटर. जनरेटरवर टाकलं तर एवढा दाट कोड येतोय की मोबाईलच्या स्क्रीनवरून स्कॅन होतो पण प्रिंट काढली की नाही होत. यात माहिती नेमकी राहते कशी आणि मराठीमुळे काही फरक पडतो का? वर मधोमध लोगो पण हवाय सगळ्यांना.

वागळे_इस्टेट:
फरक पडतो, आणि बराच पडतो. कोडमधला एकेक छोटा चौकोन म्हणजे एक बिट, काळा किंवा पांढरा. नुसते आकडे असतील तर ३ आकडे १० बिटांत बसतात, इंग्रजी कॅपिटल अक्षरं असतील तर २ अक्षरं ११ बिटांत, पण मराठी युनिकोडमध्ये जातं आणि तिथे प्रत्येक अक्षराला ३ बाइट म्हणजे २४ बिट लागतात, वर काना-वेलांटी वेगळी मोजायची. 'गणपती'चे १५ बाइट होतात, तेच इंग्रजी स्पेलिंगने ७. सगळ्यात मोठा कोड १७७ बाय १७७ चौकोनांचा, त्यात जास्तीत जास्त २,९५३ बाइट, म्हणजे मराठी मात्रा धरून हजाराच्याही आत. पानभर मजकुराला तोच लागणार. आता कडेची पांढरी पट्टी धरून १८५ घरं ३ सेंटिमीटरमध्ये बसवा, एकेक घर ०.१६ मिलिमीटरचं, शाई जराशी पसरली की संपलं. त्यापेक्षा ४० अक्षरांची लिंक टाका, २९ बाय २९ मध्ये बसते, घर पाचपट मोठं होतं.

कोपरी_पूर्व:
लोगोबद्दल सांगतो. हा कोड १९९४ ला जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या टीमने गाड्यांच्या पार्ट्सचा हिशोब ठेवायला बनवला, कारखान्यात तेल-मळ लागणारच म्हणून खराब झाला तरी वाचता यावा ही सोय आधीपासूनच आहे. मूळ डेटाबरोबर जास्तीचा डेटा भरतात, त्यावरून गेलेला भाग गणिताने परत काढता येतो. रीड-सोलोमन म्हणतात त्याला, १९६० चं गणित आहे, सीडीवर ओरखडा असला तरी गाणं वाजायचं ते पण याच्यामुळेच. चार लेव्हल असतात, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान झेलणाऱ्या. लोगो म्हणजे कोडच्या दृष्टीने नुकसानच, त्यामुळे ३० वाली घ्या आणि लोगो छोटाच ठेवा. पण ही सोय फुकट नाही हां, त्या लेव्हलला सगळ्यात मोठ्या कोडमध्ये पण १,२७३ बाइटच मावतात.

आणि कृपा करून तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना हात लावू नका, कॅमेरा त्यांच्यावरूनच कोड कुठे आहे आणि कसा फिरलाय ते ओळखतो, तिथे ते गणित मदतीला येत नाही. चारी बाजूंनी चार-चार घरं पांढरी सोडायची, डिझाईनवाले हमखास तिथपर्यंत झेंडूच्या माळा आणतात.

घणसोलीकर:
मस्त समजलं दोघांचं, धन्यवाद! पण मांडव पोडियमखालच्या पार्किंगमध्ये असतो, तिथे रेंज नाही. लिंक उघडणार कशी?

वागळे_इस्टेट:
मग दोन कोड करा ना. साधा मजकूर वाचायला नेट लागत नाही, सगळं त्या चौकोनांतच असतं, म्हणून मांडवातल्या कोडमध्ये फक्त आरतीच्या आणि विसर्जनाच्या वेळा टाका. १८० बाइट म्हणजे मराठी ६० अक्षरं-मात्रा, १५ टक्केवाल्या लेव्हलला ५३ बाय ५३ मध्ये बसतात, ३ सेंटिमीटरमध्ये घर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतं. यावर लोगो नको. आकडे इंग्रजीत टाईप करा, मराठी आकड्याला पण ३ बाइट लागतात.

पत्रिकेवर लिंकवाला कोड. फक्त फुकट जनरेटर 'डायनॅमिक' कोड देत असेल तर घेऊ नका, त्यात तुमची लिंक नसतेच, त्यांच्या सर्व्हरची असते आणि त्यांनी ती बंद केली की छापलेल्या सगळ्या पत्रिका वाया. स्कॅन केल्यावर तुमचाच पत्ता दिसतोय का ते छापायला देण्याआधी बघा, आणि तेही प्रिंटवरून, स्क्रीनवरून नाही.