कलरच्या ड्रॉमागे पैसे जातात, काय चुकतंय? (₹२/४ चं टेबल)

सिडकोचा_गुलाम
नमस्कार मंडळी. अंबडला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. सेकंड शिफ्ट सुटली की झोप लागेपर्यंत मोबाइलवर पोकर खेळायचो. ₹२/४ चं टेबल (पानं वाटायच्या आधी दोघांना सक्तीने ₹२ आणि ₹४ लावावे लागतात, ₹४ वाला तो बिग ब्लाइंड), त्याच्या वर कधी गेलो नाही. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैशाची टेबलं बंद झाली. आता फुकटच्या चिप्स, आणि शनिवारी मित्राच्या गच्चीवर शेंगदाणे लावून. पण जुन्या डावांची नोंद मी उतरवून ठेवली होती. ती चाळताना दिसलं की सगळ्यात जास्त पैसा कलरच्या मागे गेलाय.

आमच्या घरी दिवाळीला तीन पत्ती. तिथं कलर आला तर आला, नाहीतर पॅक. पोकरमध्ये हातातली दोन आणि टेबलावरची पाच, अशा सातांतून पाच पानं जुळवायची. इथं एका रंगाची चार पानं दिसली (हाच कलरचा ड्रॉ) की पाचव्यात जीव अडकतो. एक डाव देतो.

मी बिग ब्लाइंड, हातात इस्पिकची सत्ती-छक्की. पाच जण आत, पॉट (मध्ये जमलेले पैसे) ₹२०. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं): इस्पिकचा राजा, इस्पिकची तिर्री, बदामाची नव्वी. एकाने ₹१५ लावले, दुसऱ्याने कॉल (तेवढेच भरले), मीही कॉल. टर्नला (चौथं पान) चौकटची राणी. पहिल्याने ₹६०, दुसऱ्याने कॉल, मी पण कॉल. रिव्हरला (शेवटचं पान) इस्पिकची दुर्री! मी उरलेले ₹३२१ ढकलले. पहिला पळाला, दुसऱ्याने कॉल केला आणि इस्पिकचा एक्का-अठ्ठी दाखवली.

हे नशीब म्हणायचं की माझी चूक?

गोदाकाठ_७७
फ्लॉपचा कॉल चालेल. टर्नचा नाही.

टर्नला पॉट ₹६५, त्यात दोघांचे ₹६०-₹६०, म्हणजे ₹१८५ साठी तुम्ही ₹६० देताय. हा कॉल परवडायला साधारण २४.५ टक्के वेळा जिंकायला हवं. न दिसलेली पानं ४६, त्यात इस्पिक ९, म्हणजे १९.६ टक्के. दर पाच वेळेला एकदा लागणार आणि तुम्ही चारला एकदा लागेल असा भाव दिलात. लागल्यावर वरचे पैसे निघतील म्हणून कॉल केला असेल, तर ते पैसे निघाले, पण तुमच्याच खिशातून.

निफाडकर
गोदाभाऊंचा हिशेब बरोबर, पण त्यात ९ पानं तुमची धरलीत. ती तुमची नव्हतीच. दोन इस्पिक समोरच्याच्या हातात होती. उरली ७, आणि त्या सातांपैकी कुठलंही आलं तरी त्याचा कलर मोठा. ज्या पानासाठी तुम्ही पैसे भरत होता त्याच पानावर तुम्ही बुडणार होता. न लागलं असतं तर ₹६० वर सुटला असता.

आमच्याकडे उन्हाळ कांद्याचं असंच होतं. भाव वाढेल म्हणून चाळीत माल धरायचा, आणि शेजारच्या दहा चाळीत तोच माल तीच वाट बघत पडलेला. सगळे एकदम लासलगावला निघाले की कसला भाव.

तिघं-चौघं आत असताना सत्तीचा कलर मला तरी नको. दोघंच असाल तर वेगळी गोष्ट.

चौकटची_राणी
छोट्या टेबलावरची सगळ्यात मोठी चूक कुणी सांगितलीच नाही. चारने गुणायची.

सगळ्यांनी ऐकलेलं असतं: आउट्स (आपला हात बनवणारी उरलेली पानं) गुणिले ४, की लागायची टक्केवारी आली. नऊ चोक ३६, म्हणजे ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून फ्लॉपला कुठलाही कॉल बरोबर वाटतो. पण ते ३५ टक्के दोन्ही पानं बघायला मिळाली तर. फ्लॉपलाच ऑल-इन (सगळे पैसे आत) झालं असेल तर चारने गुणा. टर्नला पुन्हा पैसे मागणारा समोर बसलाय तर दोननेच गुणा. तुम्ही एकाच पानाचं तिकीट काढताय.

आता चांगला ड्रॉ बघा. हातात बदामाचा एक्का-पंजी, फ्लॉपला दोन बदाम, समोर एकच जण. पॉट ₹४०, त्याने ₹२० लावले. ₹६० साठी ₹२०, म्हणजे २५ टक्के हवेत आणि पुढच्या पानावर तुमच्याकडे १९. तोटा दिसतो. पण बदाम लागल्यावर सरासरी आणखी ₹२५ जरी त्याच्याकडून काढता आले तरी हिशेब बसतो. ₹२/४ ला राजाची जोडी घेऊन बसलेला माणूस ₹२५ काय, ₹१०० ला पण कॉल करतो! एक्क्याचा कलर इथे पैसे कमावतो तो असा, आपली जोडी कुणाला सोडवत नाही म्हणून.

फक्त टेबलावर जोडी पडली की हात आखडता घ्या. कुणाचं फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) झालेलं असेल तर एक्क्याचा कलरही मातीमोल.

तिसरी_शिफ्ट
एवढं मोजत बसण्यापेक्षा ड्रॉ असतानाच रेज करा, म्हणजे बोली वाढवा. समोरचा पळाला तर पॉट आपला, नाही पळाला तर पान आहेच. मी कायम हेच करतो.

चौकटची_राणी
@तिसरी_शिफ्ट पळाला तर ना! आत्ताच म्हटलं, कुणी जोडी सोडत नाही. रेज करून पळवण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा पळणारा समोर असेल. फुकटच्या चिप्सवर तर आजोबासुद्धा रिव्हरपर्यंत येतात.

एक ठिकाणी मात्र तुमचं पटतं. शेवटी बोलायची पाळी आपली असेल आणि त्याने फ्लॉपला बारीकसं, ₹१० वगैरे लावलं असेल, तर ₹३० करा. बरेच जण घाबरून टर्नला चेक करतात (काही न लावता पाळी पुढे देतात). मग आपणही चेक, रिव्हर फुकटात. पहिल्या बोलीवर बसून हे करू नका.

मेंढीकोट_मास्तर
गुलामराव, मुळात सत्ती-छक्की घेऊन आत का होता, ते आधी विचारायला हवं होतं. ब्लाइंडमध्ये फुकटात होता, माफ. पण तुमच्या नोंदीत ‘एका रंगाची आहेत’ एवढ्यावर खेळलेले हात किती, ते बघा. एका रंगाची दोन पानं घेतली तर फ्लॉपला ड्रॉ मिळतो शंभरात ११ वेळा. तयार कलर तर शंभरात एकदाही पुरता नाही. राणी-तिर्री एका रंगाची असली तरी ती राणी-तिर्रीच.

आणि टक्केवारी डोक्यात शिरत नसेल तर पत्त्यांचा कॅट घ्या. इस्पिकची सत्ती-छक्की आपल्यासमोर, तुमचाच फ्लॉप मध्ये. उरलेली ४७ पानं पिसायची आणि दोन उलटायची. लागलं तर एक रेघ. चाळीस वेळा करा. मी पोरांना गणित असंच शिकवलं, शाळेत पत्ते आणले म्हणून बोलणीही खाल्ली.

सिडकोचा_गुलाम
सर, केलं. रविवारी चटईवर बसून चाळीस वेळा. बायको म्हणाली, घरात आता एकट्यानेपण जुगार सुरू झाला.

चाळीसात १३ वेळा लागलं. पैकी टर्नलाच ८. मला आधी शपथेवर विचारलं असतं तर वीस म्हणालो असतो. लागलेलेच लक्षात राहतात बहुतेक.

मग निफाडकरांचं ऐकून इस्पिकचा एक्का-अठ्ठी काढून पलीकडे ठेवली आणि पुन्हा वीस वेळा पिसलं. पाच वेळा इस्पिक आलं. पाचही वेळा हात आपोआप पुढे गेला रेघ मारायला, आणि मग समोरचा एक्का दिसला.

नोंदीत एका रंगाची म्हणून खेळलेली पानं मोजायला घेतलीयेत. किलवरची नव्वी-दुर्री चार वेळा सापडली, आणि अजून अर्धी नोंदही झालेली नाही.

निफाडकर
नव्वी-दुर्री! भाऊ, शनिवारी गच्ची कुठेय ते सांगा, दाणे मी घेऊन येतो.