योजनांचा लाभ देताना कुटुंब म्हणजे नक्की कोण ते सरकारने एकदाच ठरवावं. तुमचं मत काय?

कृष्णाकाठ_वाळवा:
आमच्यात आई, आम्ही दोघं भाऊ, दोघांच्या बायका, पोरं, सगळे एका रेशन कार्डावर. लाडकी बहीणच्या 2024 च्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. म्हणजे भावाचं वेगळं, माझं वेगळं. पण ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं) करताना कुटुंबातली एकच विवाहित आणि एकच अविवाहित महिला लाभ घेते यावर टिक करायला लावली, आता जावा-जावांनी नक्की कुठलं कुटुंब धरायचं? केंद्रावरचा पोरगा म्हणतो कार्डावरचं धरा. पीएम किसानला परत नवरा, बायको आणि अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं. माझं म्हणणं एवढंच की नवरा-बायको-मुलं हीच व्याख्या सगळीकडं लावा, कार्ड मधी आणू नका.

माणदेशी_माणूस:
अजिबात पटलं नाही दादा. चूल एक तर कुटुंब एक. सासरा पेन्शनर, दीर सरकारी नोकरीत, दारात चारचाकी दिराच्या नावावर, आणि सून म्हणणार आमचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत? त्या 1500 चा पैसा दहिवडी-म्हसवडकडच्या रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या वाटणीतनंच जातो. आणि कार्ड फोडायचं पीक आलंय ते वेगळंच. अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या रेशन कार्डाला, माणसं किती का असेनात, कार्डामागं 35 किलो, मग भिंत न घालता कागदावर दोन घरं होणारच की.

कृष्णाकाठ_वाळवा:
मग कार्डामागं देणं बंद करा ना भाऊ. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी 5 किलो मिळतं, तिथं कार्ड फोडून काय मिळतंय? आणि दिराची गाडी दारात हाय म्हणून त्या सुनेच्या हातात शंभर रुपये तरी येतात का, एकदा विचारून बघा.

सुनंदा_तासगाव:
तुम्ही दोघंही नवरा धरूनच बोलताय म्हणून लिहिते. माझी धाकटी बहीण नवऱ्यानं टाकलेली, माहेरी राहते, द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाते. ई-केवायसीला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार. वडील वारले, नवरा फोन उचलत नाही. नंतर मुदत वाढवली तेव्हा विधवा आणि घटस्फोटितांना मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा कागद अंगणवाडी ताईंकडं द्या म्हणाले. हिच्याकडं नवऱ्याबद्दलचं यातलं काहीच नाही, कारण कोर्टात जायला पैसे नव्हते. तिचं कुटुंब म्हणजे ती, तिची पोरगी आणि आमची आई. हे तुमच्या कुठल्या व्याख्येत बसतं सांगा. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये एका नर्सच्या बाळंतपणाच्या रजेच्या केसमध्ये सांगितलंय की आईबाप आणि मुलं या साच्यात न बसणारी घरंही कुटुंबच आहेत, त्यांनाही लाभ मिळायला हवा. निकाल आला, पण पोर्टलवर तसा रकाना कुठंय?

माणदेशी_माणूस:
ताई तुमच्या बहिणीचं शंभर टक्के बरोबर, तिला मिळालंच पाहिजे. पण नुसतं तोंडी सांगण्यावर दिलं तर उद्या नवऱ्यासोबत नांदणाऱ्यापण लिहून देतील.

सुनंदा_तासगाव:
तोंडी कोण म्हणतंय? गावात कोण नांदते आणि कोण टाकलेली आहे हे अंगणवाडी ताईला, पोलीस पाटलाला माहीत असतं. ग्रामसभेत नाव वाचा, ज्याला हरकत घ्यायची त्याने तिथं उभं राहून घ्यावी. टाकून गेलेल्याचाच आधार मागणं हा कसला पुरावा?

कृष्णाकाठ_वाळवा:
ताई हे पटलं. व्याख्या एकच ठेवा पण नवऱ्यापासनं सुरू करू नका, बाईपासनं सुरू करा, ती आणि तिच्यावर अवलंबून असलेले.

माणदेशी_माणूस:
आणि उत्पन्न कुणाचं मोजणार मग? एकट्या बाईचं मोजलं तर बागायतदाराची बायकोपण शून्यावर येते. त्याचं आधी सांगा.