सिम्युलेशनमधील सर्व पर्यायांना सारखेच रन देणे हा मशीनच्या वेळेचा अपव्यय आहे का?

ऐरोलीकर : तुर्भ्याच्या फळबाजारात आंब्याच्या हंगामात ट्रक आत सोडण्याच्या पाच पद्धतींचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, मी करत आहे. प्रत्येकीला 200 रन (रन म्हणजे नक्कल एकदा पूर्ण चालवणे) आणि रनला सहा मिनिटे, म्हणजे एकूण 100 तास. पहिल्या 10 रनमध्ये ट्रक थांबण्याची सरासरी वेळ एका पद्धतीत 52 मिनिटे आली, तर सर्वांत चांगलीत 31 आणि तिच्या पाठोपाठच्या पद्धतीत 33. आता 52 वालीला उरलेले 190 रन कशासाठी द्यायचे? संशोधक चुन-हुंग चेन यांच्या ओसीबीए या, संगणकाचा वेळ पर्यायांत वाटण्याच्या सूत्रानुसार मागे पडलेल्या पर्यायांचे रन प्रसरणाच्या (रनगणिक निकाल किती बदलतो त्याच्या मापाच्या) सम आणि आघाडीच्या पर्यायापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाटतात. प्रसरण सारखे धरल्यास 33 वालीला 52 वालीच्या सुमारे 110 पट रन मिळायला हवेत.

कोपरीकर : आपला 10 हा आकडाच मला खटकतो. फाटकावरची मोठी कोंडी 20 रनमागे एकदा होत असेल, तर पहिल्या 10 रनमध्ये ती एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे 60 टक्के आहे; 0.95 चा दहावा घात करून पाहावा. अशा पद्धतीची सरासरी फसवी चांगली दिसते, प्रसरणही कमी दिसते आणि सूत्र त्याच फसव्या प्रसरणावर विसंबून तिचे पुढचे रन कापते. माल नासतो तो नेमका कोंडीच्या दिवशी. त्यासाठी 100 तास गेले तरी मला ते जास्त वाटत नाहीत.

नेरुळकर : रन वाढवून त्रुटी निम्मी करायची तर चौपट रन लागतात. त्याआधी पाचही पद्धतींना ट्रकच्या आवकेचा एकच क्रम द्यावा. फरकाचे प्रसरण म्हणजे दोन्ही प्रसरणांची बेरीज वजा सहप्रसरणाची (दोन्ही निकाल एकत्र वर-खाली होण्याच्या मापाची) दुप्पट, त्यामुळे सहप्रसरण धन असेल तर तेवढ्याच रनमध्ये फरक उठून दिसतो. मात्र आवक, तपासणी आणि उतराई यांना स्वतंत्र सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारे आकडे) द्यावेत, नाहीतर क्रम विस्कटतो.

ऐरोलीकर : कोपरीकरांचा मुद्दा मान्य आहे. प्राथमिक रन 40 केल्यास ती शक्यता सुमारे 13 टक्क्यांवर येते आणि 20 तासच खर्च होतात. नेरुळकर, आपली सूचना उत्तम आहे, पण मूळ ओसीबीए सूत्र निकाल परस्परांपासून स्वतंत्र धरते; एकच क्रम वापरला तर ते जसेच्या तसे लावता येणार नाही.

कोपरीकर : 40 चालतील. तरीही निवडलेल्या पद्धतीला शेवटी पूर्ण 200 रन मिळालेच पाहिजेत; 13 टक्क्यांची शंका मागे ठेवून मी कोणत्याही पद्धतीची शिफारस करणार नाही.