शुगर आणि काचबिंदू, आईसाठी विचारतोय

तासगावकर: आईला बरीच वर्षं शुगर आहे, मिरजेला चष्म्याचा नंबर काढायला नेलं तर म्हणाले डोळ्याचं प्रेशर 26 आहे, काचबिंदू असू शकतो. तिला दिसतंय तर चांगलं, सुईत दोरा ओवते अजून. हे शुगरमुळं का? शुगर उतरली की प्रेशर उतरेल का?

कृष्णाकाठ: शुगरवाल्यांना धोका जास्त असतो, पण शुगर उतरली म्हणून प्रेशर उतरेल असं नाय, थेंब घालावे लागतात. डोळ्याचं प्रेशर 10 ते 21 नॉर्मल धरतात. आणि दिसतंय यावर जाऊ नका, यात आधी कडेची नजर जाते, मधलं बरेच दिवस नीट दिसतं, आणि गेलेली परत येत नाय, मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून मोकळं असं नसतं.

मिरजवाली: डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासला का पण? शुगरनं पडद्याला रक्त कमी पडलं की नवीन कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या पुढं आल्या की डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) निचरायची वाट बंद होते न प्रेशर एकदम चढतं. तो काचबिंदू लय वाईट.

तासगावकर: पडदा नाही बघितला अजून

कृष्णाकाठ: मग बघून घ्या, कडेची नजर किती आहे ते बघायची फील्ड टेस्ट पण करा. आणि खाज येते म्हणून मेडिकलमधनं स्टेरॉइडचे थेंब आणून घालत असतील तर डॉक्टरला सांगा, त्यानंही प्रेशर वाढतं.