ताडोबा, मे महिना, एकच सफारी: गेट कोणतं घ्यावं?

कोथरूडचा_पाहुणा

नागपूरला रविवारी लग्न आहे. सोमवारी सकाळपासून बुधवारी रात्रीच्या गाडीपर्यंत मोकळे आहोत. तेवढ्यात ताडोबाची एक सफारी बसवायची आहे, एकच. माणसं सहा: आई (वय 68, कंबरेला पट्टा लागतो), आम्ही दोघं, धाकटा भाऊ आणि 9 व 5 वर्षांची मुलं. महिना मे, पहिला पंधरवडा.

बुकिंगच्या संकेतस्थळावर आत्ता तीन जागा दिसताहेत: कोलारा कोअर सोमवारी दुपारी, मोहर्ली कोअर बुधवारी सकाळी, आगरझरी बफर बुधवारी सकाळी (कोअर म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा). नागपूरचे नातेवाईक म्हणतात, मुक्काम कशाला, पहाटे तीनला निघालं की झालं. दुसरीकडे कोलाऱ्याजवळ एक खोली स्वस्तात मिळतेय. ती घेऊन बुधवारी मोहर्लीची सफारी करता येईल का? आणि आईला जिप्सी (सफारीची उघडी जीप) झेपेल का? बरोबर काय न्यावं तेही सांगा.

चांदेकर

आधी खोलीचं. कोलाऱ्याला राहून मोहर्लीची सफारी करायची हा बेत रद्द करा. नकाशावर दोन्ही ठिकाणं एकाच हिरव्या ठिपक्याच्या दोन कडांना दिसतात, पण मधे कोअर आहे आणि त्यातून खाजगी गाडीने आडवं जाता येत नाही. चिमूरकडून बाहेरून वळसा घालावा लागतो. दोन तासांच्या वर वेळ जातो, तोही अंधारात. ताडोबात सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट हीच आहे. मोबाईलवर नुसतं 'ताडोबा' टाकून निघालेले लोक भलत्याच गेटवर जाऊन उभे राहतात. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही सगळी कोअरची वेगवेगळी गेटं आहेत आणि परमिट फक्त त्यावर लिहिलेल्या गेटवरच चालतं. नकाशात गेटचं नाव टाका आणि मुक्काम त्याच गेटच्या गावात करा.

दुसरं, मंगळवारी ताडोबा बंद असतं. म्हणून तुम्हाला सोमवार आणि बुधवारच दिसताहेत.

पहाटे तीनला नागपूर सोडून मोहर्लीची सकाळ गाठणं जमणार नाही. बुटीबोरी, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, पद्मापूर करत मोहर्लीला यायला साडेतीन तास धरा. मे महिन्यात सकाळची सफारी साडेपाचच्या सुमारास सुटते (नेमकी वेळ परमिटवर पाहा) आणि त्याआधी पाऊण तास तरी गेटवर हजर असावं लागतं. म्हणजे रात्री एकला निघायचं. आईला आधी साडेतीन तास कारमध्ये आणि मग चार तास जिप्सीत बसवणार का? शिवाय पद्मापूरच्या पुढचा रस्ता बफरमधून जातो. रात्री रस्त्यावर चितळ, रानडुक्कर, क्वचित गवाही उभा असतो. तिथं घाईत गाडी हाणणं बरं नाही.

सोमवारची कोलाऱ्याची दुपार अंतराने सोयीची वाटेल. नागपूरहून उमरेड, भिसीमार्गे अडीच तासांत पोचाल. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या आसपास असतो आणि जिप्सीला छत नसतं. पहिले दोन तास माणूस भाजून निघतो. धडधाकट मंडळी असती तर मी दुपारच सुचवली असती, कारण उन्हाळ्यात दुपारी पाणवठ्यावर जनावर सापडतं. पाच वर्षांचं मूल आणि 68 वर्षांची आई असताना नाही.

तेव्हा मंगळवारी जेवून नागपूरहून निघा, उजेड असताना मोहर्लीत पोचा, तिथंच झोपा. एमटीडीसीचं निवासस्थान आहे, खाजगी खोल्याही आहेत. बुधवारी सकाळी सफारी, दहापर्यंत बाहेर, अंघोळ-जेवण करून दोनपर्यंत नागपूरकडे. रात्रीची गाडी आरामात मिळते.

पळसपान

चांदेकर, दिवस आणि मुक्काम पटला. पण मोहर्ली कोअर की आगरझरी बफर, हे तुम्ही ठरवूनच टाकलंत. आगरझरी मोहर्लीच्या अगदी जवळ आहे, म्हणजे मुक्काम तोच राहतो. बफर म्हणजे 'वाघ नसलेला भाग' असं पुण्या-मुंबईकडे समजतात, तसं काही नाही. कोअर 625 चौरस किलोमीटर, बफर त्याहून मोठा, सुमारे 1100. वाघ पाटी वाचून हद्द ठरवत नाही. आगरझरीच्या बाजूला इरई धरणाचं बॅकवॉटर आहे, पक्षी भरपूर, आणि पैसेही कमी लागतात.

चांदेकर

मान्य. पण आयुष्यात एकदाच येणार असतील तर मी कोअरच सांगेन. ताडोबा तलाव, रस्त्याकडेचे गोंडकालीन दगडी खांब, जुन्या जामनी गावाच्या जागेवरचं गवताळ मैदान, हे बफरमध्ये नाही. गाव बाहेर हलवलं, शेतांच्या जागी गवत आलं आणि आता तिथं चितळांचे मोठे कळप चरताना दिसतात. मुलांना बघायला याहून सोपी जागा नाही. झाडीत लपलेला वाघ पाच वर्षांच्या मुलाला दाखवून बघा, 'कुठंय, कुठंय' करत ते रडकुंडीला येतं.

पळसपान

ठीक, मोहर्ली कोअर. पण मग आईंची बैठक नीट लावा. जिप्सीत पुढे चालक आणि गाइड, मागे तीन-तीन जणांचे दोन बाक, दुसरा पहिल्यापेक्षा थोडा उंच. मागचा बाक जवळपास मागच्या चाकांवरच येतो, त्यामुळे खड्ड्याचा सगळा हिसका तिथं बसतो. आईंना पहिल्या बाकावर मधोमध बसवा. दोन्ही बाजूंना माणूस असला की वळणावर अंग फेकलं जात नाही. पाठीमागे उशी देऊ नका, ती सरकत राहते. घडी घातलेली चादर बसण्याखाली घाला आणि पट्टा गेटवर पोचायच्या आधीच बांधा. धाकट्याला त्याच बाकावर. मोठा मुलगा आणि भाऊ मागे, हिसके त्यांना मजेचे वाटतात.

चढताना पायरी उंच लागते. घाई न करता आईंना आधी चढवा, बाकीचे नंतर. कँटर (मोठी उघडी बस) स्वस्त पडतो म्हणून त्याचा विचार करू नका. त्याची पायरी आणखी उंच आणि अनोळखी वीस माणसांत 'जरा हळू घ्या' कुणाला सांगणार? कंबरेची सर्जरी झाली असेल किंवा पायात मुंग्या येत असतील तर मात्र जिप्सीही नको. खोलीवर थांबलेल्या आजी हाल होऊन परत आलेल्या आजींपेक्षा बऱ्या.

लघवीचं आधीच बघा. गेटवर स्वच्छतागृह आहे. आत ठरावीक जागा सोडली तर गाडीतून उतरता येत नाही, आणि 'फक्त दोन मिनिटं' म्हणून गाइड उतरू देणार नाही, देऊही नये. पहाटे चहा अर्धा कप. पाणी मात्र कमी करू नका: माणशी सव्वा ते दीड लिटर, त्यातलं एका बाटलीत ओआरएस घातलेलं. साडेआठनंतर ऊन चढतं तेव्हा तेच कामी येतं.

भिंगवाला

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा नंबर घातलात तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाने आणायचं. आधारचा नंबर घालून लायसन्स दाखवलं की गेटवर अडकता. नावं परमिटवर जशी आहेत तशीच हवीत. ऐनवेळी भावाच्या जागी मेहुणा नेता येत नाही. परमिट कागदावर छापून घ्या. कोअरमध्ये मोबाईल न्यायला बंदी आहे, त्यामुळे 'फोनमध्ये आहे, दाखवतो' याला अर्थ उरत नाही. फोन खोलीवर कुलपात ठेवा, मनगटावर साधं घड्याळ बांधा.

म्हणजे फोटोसाठी खरा कॅमेरा लागणार, त्याचं शुल्क वेगळं. 100-400 ची लेन्स असेल तर पुरे. ट्रायपॉड जिप्सीत उघडताच येत नाही. जुन्या पँटचा पाय कापून त्यात किलोभर राजमा भरा, दोन्ही तोंडं शिवा. ती पिशवी गाडीच्या दांड्यावर टाकून लेन्स तिच्यावर ठेवायची. चालकाला इंजिन बंद करायला सांगा, चालू इंजिनाची थरथर पिशवीतूनही लेन्सपर्यंत पोचते. उजाडताना आयएसओ 1600 ते 3200 आणि शटर निदान 1/500 ठेवा. फोटोत दाणे आले तरी चालतील, हललेला वाघ नंतर दुरुस्त होत नाही. लेन्स आत बदलू नका. पुढे एक जिप्सी गेली असेल तर हवेत पिठासारखी धूळ असते. कॅमेऱ्यावर उशीची खोळ घाला.

दुर्बीण एकच न्यायची तर 8×42. 10×50 जास्त जवळ दाखवते, पण जड असते, हलत्या गाडीत चित्र नाचतं आणि मुलांच्या हाताला झेपत नाही.

कपडे मातकट, हिरवे, पूर्ण बाह्यांचे, सुती. नाकातोंडाला ओला पंचा. अत्तर नको, कुरकुरणारी वेफर्सची पाकिटं नकोत. धाकट्यासाठी डब्यात खजूर किंवा दशम्या.

मोहफूल_चंद्रपूर

गाडी आणि गाइड गेटवर पाळीनं लागतात, बहुतेक निवड नसते. जो गाइड येईल त्याला पयले दोन गोष्टी सांगा भाऊ: आईची कंबर, आणि 'वाघ दिसला तं उत्तम, नाही तं जंगल दाखवा'. दुसरी गोष्ट ऐकली की तो गाडी वेगळी फिरवते. नाही तं एका वाघामागं दहा जिप्स्या लागतात आणि तुमचे दोन तास धुळीत जातात.

वेळेचा हिशेब डोक्यात ठेवा. आत वेगाची मर्यादा ताशी 20 किलोमीटरच्या आसपास. मोहर्लीहून ताडोबा तलाव पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे न थांबता एका बाजूनं तासभर. चार तासांतले दोन येण्याजाण्यात गेले, हाताशी दोनच. साडेआठला तलावाकडून परत फिरला नाही तं गेट वेळेत गाठायला गाडी पळवा लागते, आणि उशीर झाला की कारवाई चालक-गाइडवर होते. 'अजून पाच मिनिटं' म्हणून त्यायला अडचणीत टाकू नका.

पहिला पाऊण तास रस्त्याकडं पाहा, झाडीत नाही. रात्री वाघ मऊ धुळीच्या रस्त्यानंच चालते. पंजाचा ठसा चाकाच्या नक्षीवर उमटला असला तं तो शेवटच्या गाडीनंतरचा, म्हणजे रातचा किंवा पहाटचा. ठशावरून चाक गेलं असलं तं शिळा. नराचा ठसा चौकोनी, बोटं गोल. मादीचा लांबट. मुलांना हे दाखवा, त्यायचा वेळ मस्त जाते. झाडाच्या बुंध्यापाशी आंबेमोहर शिजल्यासारखा वास आला तं वाघानं तिथं खूण केली आहे.

मग कान. वाघ दिसला की बाकी जनावरं ओरडून इशारा देतात, त्याले 'कॉल' म्हणतात. चितळ शिट्टीसारखं ओरडते, पण ते बिबट्याला ओरडते, कोळसुनाला (रानकुत्र्याला) ओरडते, कधी उगाच ओरडते. सांबराचा भरडा 'ढांक' आला, तोही पुन्हा पुन्हा एकाच दिशेनं, तं गाडी थांबवून गप बसा. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखं करत असलं तं ते कुठं पाहून राहिलं, ते पाहा. कॉल थांबला म्हणजे जनावर बसलं किंवा निघून गेलं. दहा मिनिटं थांबा. लोक तीन मिनिटांत कंटाळतात, गाडी हलवतात, आणि मागच्या गाडीले वाघ दिसते.

मे महिन्यात पाणवठा सोडू नका. काही ठिकाणी सौरपंपानं टाकी भरलेली असतात. वाघ पाण्यात बहुतेक उलटा शिरते, आधी मागचे पाय, मग बूड, मग हळूच खाली बसते, तोंड कोरडं ठेवून. पोरं खिदळणार, तेवढं आधी सांगून ठेवा. वाघापासून निदान 20 मीटर अंतर ठेवायचं असा नियम आहे. तो रस्त्यावर असला आणि तुमची गाडी त्याच्या वाटेत असली तं गाइडलाच म्हणा, गाडी मागं घ्या. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे गाड्यांच्या मधे अडकवले होते. ते प्रकरण उच्च न्यायालयानं स्वतःहून हाती घेतलं.

वाघ सोडून सांगायचं तं अस्वल. तेंदूची फळं पिकली की सकाळी लवकर बाहेर असते. तलावाच्या काठाला मगर लाकडासारखी पडलेली. बांबूच्या नाल्यात लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक. गाइडले नाव घेऊन विचारा, तो जागा दाखवते.

कोथरूडचा_पाहुणा

मोहर्ली कोअर, बुधवार सकाळ, सहा नावांनी पूर्ण जिप्सी घेतली. मुक्कामही मोहर्लीतच. कोलाऱ्याची खोली सोडली. आईच्या डॉक्टरांना विचारलं, पट्टा बांधून जायला हरकत नाही म्हणाले. एकच राहिलं: नाश्ता गेटवर मिळेल की पहाटे करून निघायचं?

पळसपान

पहाटे चारला पोटात काही जात नाही. आदल्या रात्री खोलीवाल्याला सांगून पराठे डब्यात भरून घ्या, सफारी संपल्यावर गेटबाहेर खा. निघताना फक्त केळं आणि दोन बिस्किटं. केळ्याची सालं पिशवीत परत आणायची, आत टाकायची नाहीत, वानरांना तर मुळीच नाही.