टोबरमोरी बंदराचा प्रिंट घ्यायचाय: जिक्ले की लिनोकट?

सायली_ठाणे
नमस्कार मंडळी. मुलगा एडिंबरोला शिकतोय. मे महिन्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा ओबानहून बोटीने स्कॉटलंडच्या आईल ऑफ मल या बेटावर जाऊन टोबरमोरी गाव पाहिलं. बंदराच्या काठाने लाल, पिवळी, निळी घरं ओळीने उभी. त्याच गावाचा प्रिंट हॉलमध्ये लावायचाय. दोन पसंत पडलेत: एक जलरंगातल्या चित्राचा जिक्ले प्रिंट, दुसरा लिनोकट, खाली पेन्सिलने १४/४० (म्हणजे चाळीसपैकी चौदावी प्रत) लिहिलेला. लिनोकट जवळजवळ तिप्पट महाग. अहो म्हणतात, दोन्ही छापीलच ना! शिवाय ठाण्याच्या पावसात टिकेल का?

शाई_आणि_लिनो
सायलीताई, मी स्वतः लिनोकट करते, तेव्हा माझा कल कुठे ते उघड आहे.

जिक्ले म्हणजे मूळ चित्र स्कॅन करून पिगमेंट शाईने चांगल्या कागदावर काढलेली प्रत. रंग वर्षानुवर्षं टिकतात, पण प्रती हव्या तितक्या काढता येतात. लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, चित्र कोरून, शाई लावून कागदावर घेतलेला छाप. त्याला वेगळं मूळ चित्र नसतंच, प्रत्येक प्रत हीच मूळ. बरेच जण एकाच ब्लॉकवर सगळे रंग काढतात. आधी सगळ्या कागदांवर पिवळा छापायचा, जिथे पिवळंच राहायला हवं तो भाग कोरून टाकायचा, मग त्यावर लाल, पुन्हा कोरायचं, शेवटी गडद. बंदरावरच्या मिश्निश हॉटेलची पिवळी भिंत एकदा कोरली की परतीची वाट नाही. शेवटी ब्लॉकवर फारसं काही उरत नाही, ४१वी प्रत निघूच शकत नाही. पैसे त्याचे आहेत. तुमचा प्रिंट असाच केलाय की रंगागणिक वेगळा ब्लॉक वापरलाय, ते विकणाऱ्याला जरूर विचारा.

पण माझ्या मते निवड यावर करू नका. घरांच्या मागे काय आहे ते बघा. ती घरं इतकी उठून दिसतात ती मागच्या चढावरच्या गर्द झाडीमुळे आणि करड्या आभाळामुळे. आभाळ निळंशार, पाणी निळंशार, झाडी पोपटी केली की घरांचा रंगच मरतो. आणखी एक, हे गाव १७८८ साली ब्रिटिश फिशरीज सोसायटीने मासेमारीसाठी आखून वसवलं. घरांची रांग शिस्तीची आहे. ती खेळण्यासारखी वाकडीतिकडी काढलेली मला अजिबात आवडत नाही.

चिपळूणकर७१
पावसाबद्दल: माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा पुठ्ठा ॲसिड-फ्री मागा. काच कागदाला टेकता कामा नये. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका. उन्हाची तिरीपही नको. आमच्याकडे एवढं सांभाळलं की बुरशी येत नाही.

सायली_ठाणे
दोघांचे खूप आभार! लिनोकटमध्ये आभाळ करडंच आहे, झाडी जवळजवळ काळी. धक्क्यावरचा घड्याळाचा मनोरापण आहे. तो कुणाचा?

शाई_आणि_लिनो
मग तोच घ्या! मनोरा १९०५चा. जगभर भटकलेली लेखिका इझाबेला बर्ड हिने बहीण हेन्रिएटाच्या स्मरणार्थ त्यासाठी पैसे ठेवले होते. हेन्रिएटा टोबरमोरीतच राहायची. आपल्या अमृतसरलाही इझाबेलाने बहिणीच्या नावाने इस्पितळ काढलं होतं. फ्रेमवाल्याला मात्र बजावून सांगा: कागद कापायचा नाही, आणि खालचा आकडा व सही माउंटखाली झाकायची नाही.